कॅन्सर कळण्याआधी जे खाल्लं, त्याने पुढे किती फरक पडतो?

निदान हाती आलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. स्टेज कोणती, ऑपरेशन करावं लागेल का, केमो किती वेळा. आणखी एक प्रश्न असतो, पण तो डॉक्टरांसमोर सहसा तोंडातून निघत नाही. रात्री अंथरुणावर पडलं की तो डोकं खातो. इतकी वर्षं जे खाल्लं, ते आता आडवं येणार का? ज्यांच्या खाण्यापिण्याला धरबंध नव्हता, त्यांना तो भीतीच्या रूपात छळतो. मोजूनमापून खाणाऱ्यांना मात्र राग येतो: एवढं सांभाळलं, त्याचं काय झालं मग?

थोडक्यात उत्तर असं: फरक पडतो असं दिसतं. तो फार मोठा नाही, सगळ्या कॅन्सरमध्ये सारखा नाही, आणि त्याचा बराच भाग गाठीपेक्षा ती गाठ ज्या शरीरात आहे त्या शरीराशी निगडित असावा. हे कशावरून म्हणायचं आणि त्यावर कितपत भिस्त ठेवायची, ते जरा सविस्तर पाहू.

आधी दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवून घ्यायला हवेत. खाण्यामुळे कॅन्सर होतो का, हा एक. कॅन्सर झालाच, तर आधीच्या खाण्यामुळे पुढच्या जगण्यात फरक पडतो का, हा दुसरा. पहिल्यावर कित्येक दशकं काम चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, हॅम, बेकन यांसारखं खारवलेलं, धुरावलेलं, प्रक्रिया केलेलं मांस 'कॅन्सरला कारणीभूत' अशा पहिल्या गटात टाकलं. दारू त्या गटात कितीतरी आधीपासून बसलेली आहे. पण या उत्तरावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढता येत नाही. गाठ तयार व्हायला जे कारण झालं, तेच पुढेही कारभार पाहतं असं नाही. गाठ एकदा झाली की ती किती वेगाने वाढते, औषधाला कशी दाद देते आणि शरीराला उपचार किती झेपतात, हे ठरवणाऱ्या गोष्टी निराळ्या असू शकतात.

हे अभ्यासायचं कसं?

आजारी माणसाला 'पूर्वी काय खात होता' असं विचारण्यात एक गोची आहे. निदान झालेला माणूस भूतकाळात कारण शोधत असतो, आणि शोधणाऱ्याची आठवण सरळ राहत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या मेजवान्या त्याला ठळक आठवतात. रोजचं साधं जेवण पुसलं गेलेलं असतं. म्हणून चांगले अभ्यास दुसऱ्या टोकाकडून सुरू होतात. धडधाकट माणसं निवडायची, त्यांचं खाणं नोंदवून ठेवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. काही जणांना पुढे कॅन्सर होतो. मग जुनी नोंद काढून बघायचं, कोण किती जगलं.

अमेरिकेतला परिचारिकांचा मोठा अभ्यास १९७६ मध्ये १,२१,७०० जणींना घेऊन सुरू झाला. युरोपात दहा देशांतल्या पाच लाखांहून जास्त लोकांचा 'एपिक' हा अभ्यास १९९० च्या दशकात उभा राहिला. आज आपण ज्या आकड्यांवर बोलतो, ते अशा प्रचंड आणि सोशिक कामातून आलेले आहेत.

या नोंदी कशा असतात, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. लोकांना एक छापील प्रश्नावली दिली जाते. शंभराहून जास्त पदार्थांची यादी, आणि प्रत्येकापुढे खुणा करायच्या चौकटी: कधीच नाही, महिन्यातून एकदा, महिन्यातून दोन-तीनदा, आठवड्यातून एकदा, असं करत करत दिवसातून दोनदा किंवा जास्त. शेजारी वाढप: लहान, मध्यम, मोठी. आता गेल्या काही महिन्यांत तुम्ही शिजवलेलं गाजर सरासरी कितीदा खाल्लं आणि ती वाढप मध्यम होती की मोठी, हे खरोखर सांगून बघा. बहुतेक माणसं अंदाजपंचे खूण करतात. लठ्ठ माणसं खाणं कमी सांगतात आणि भाज्या सगळेच थोड्या वाढवून सांगतात, हे संशोधकांनाही ठाऊक आहे. तरी ही पद्धत अगदीच टाकाऊ नाही. एका माणसाचं ताट तिच्यातून नीट दिसत नाही, पण हजारो माणसांतले 'भरपूर भाज्या खाणारे' आणि 'जवळजवळ न खाणारे' हे दोन ढीग बऱ्यापैकी वेगळे करता येतात. अंदाजातली ढिलाई सहसा खरा फरक पुसट करते. नसलेला फरक शून्यातून निर्माण करण्याचं काम ती फार क्वचित करते.

यादी भरून झाली की तिचे गुण काढतात. अमेरिकेत सरकारी आहारसूचनांवर बेतलेला 'हेल्दी ईटिंग इंडेक्स' वापरतात. पैकीच्या पैकी मिळाले तर १०० गुण. फळं, भाज्या, अख्खं धान्य, डाळी यांना गुण वाढतात. जास्त मीठ, घट्ट चरबी, वरून घातलेली साखर यांनी ते घटतात. एकेका पदार्थाचा हिशेब करण्यापेक्षा हे मला जास्त पटतं, कारण कोणीही नुसती कोबी किंवा नुसतं मांस खात नाही. एक गोष्ट ताटातून कमी झाली की तिच्या जागी दुसरी काहीतरी येतेच.

एक निकाल, आणि त्यातली टक्केवारी

ओव्हरीच्या, म्हणजे बीजाशयाच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांच्या खाण्याची नोंद आधीच झालेली होती. त्यांतल्या ६३६ जणींना पुढे बीजाशयाचा कॅन्सर झाला. २०१४ मध्ये आलेल्या निकालात असं दिसलं की निदानाआधी ज्यांच्या आहाराचे गुण वरच्या तिसऱ्या हिश्श्यात होते, त्यांचा कोणत्याही कारणाने मृत्यू होण्याचा धोका खालच्या हिश्श्यातल्या स्त्रियांपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी कमी होता. कंबर ८८ सेंटिमीटरच्या आत असलेल्या आणि मधुमेह नसलेल्या स्त्रियांमध्ये हा संबंध ठळक होता.

'२७ टक्के कमी' म्हणजे शंभरातल्या २७ जणी वाचल्या, असं नाही. हा धोक्याच्या वेगातला फरक आहे. समजा, एखाद्या कॅन्सरमध्ये ठरावीक काळात शंभरातले ५० रुग्ण दगावतात. धोक्याचा वेग २७ टक्क्यांनी कमी धरला, तर त्याच काळात साधारण ४० दगावतील. म्हणजे दहा जणांचा फरक, जो लहान नाही. पण ज्या कॅन्सरमध्ये शंभरातले चारच दगावतात, तिथे त्याच २७ टक्क्यांनी चाराचे तीन होतील. टक्केवारी तीच, हाती येणारा फायदा मात्र एकदम निराळा. बातमीच्या मथळ्यात नुसते टक्के दिसले की मूळ धोका किती होता हे आधी शोधावं. तो दिला नसेल तर मथळ्याने फारसं काही सांगितलेलं नाही.

दुसरी बारीक गोष्ट 'कोणत्याही कारणाने' या शब्दांत आहे. कॅन्सरचे रुग्ण सगळे कॅन्सरनेच जातात असं नाही. लवकर सापडलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये उतारवयातल्या अनेक स्त्रियांचा मृत्यू कॅन्सरऐवजी हृदयविकाराने होतो. चांगल्या खाण्याने हृदय, रक्तवाहिन्या, साखर यांचं भलं होतं, हे तर पक्कं आहे. तेव्हा 'चांगलं खाणारे रुग्ण जास्त जगले' या वाक्यातलं श्रेय काही प्रमाणात हृदयाचं असू शकतं. रुग्णाच्या दृष्टीने त्याने काय बिघडलं? काहीच नाही, जास्त जगणं ते जास्त जगणंच. पण 'अमुक खाल्ल्याने कॅन्सर मागे हटतो' असा दावा करणाऱ्याला हा फरक गिळून टाकता येणार नाही.

संबंध म्हणजे कारण नव्हे

चांगलं खाणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी असतात. ती सहसा सिगारेट कमी ओढतात, चालतात-फिरतात, शिकलेली असतात, हाताशी पैसा असतो, तपासण्या वेळेवर करतात. तपासणीत गाठ लवकर सापडली तर निदानानंतरची वर्षं आपोआप जास्त दिसतात, मग ताटात काहीही असो. संशोधक गणिताने या गोष्टी बाजूला काढायचा प्रयत्न करतात, पण जे मोजलेलंच नाही ते बाजूला काढता येत नाही. बीजाशयाच्या कॅन्सरमध्ये या शेवटच्या शंकेची धार जरा कमी आहे. तिथे लवकर पकडणारी भरवशाची तपासणीच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीतही नियमित तपासणीमुळे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. बाकीच्या शंका उरतातच.

या सावधगिरीमागे एक कटू अनुभव आहे. गाजर, पालेभाज्या खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असतं, तर मग ते गोळीतून देऊन पाहावं, असा विचार एके काळी अगदी सरळ वाटत होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ते करून पाहिलं. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण तिथेही उलटंच होत होतं. भाज्या खाणं आणि भाजीतला एक घटक गोळी करून गिळणं यांत किती अंतर आहे, ते तेव्हा कळलं. तरीही 'कॅन्सररोधक' पावडरी विकणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

आता एक सापळा असा, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. तो नेमका उलट्या दिशेने फसवतो. चांगल्या आहाराचा खरा फायदा झाकून टाकतो. मनाने आकडे घेऊन पाहू. एकीकडे हजार माणसं वाईट खाणारी, दुसरीकडे हजार चांगलं खाणारी. वाईट खाणाऱ्यांत २० जणांना मंद वाढणारी गाठ झाली आणि १० जणांना आक्रमक. समजा, चांगल्या खाण्याने फक्त मंद गाठी निम्म्या टळतात. आक्रमक गाठींवर काही परिणाम नाही. म्हणजे चांगलं खाणाऱ्यांत १० मंद आणि १० आक्रमक. मंद गाठीचे दहातला एक दगावतो, आक्रमक गाठीचे निम्मे. वाईट खाणाऱ्या ३० रुग्णांपैकी दोन आणि पाच मिळून सात गेले, म्हणजे २३ टक्के. चांगलं खाणाऱ्या २० रुग्णांपैकी एक आणि पाच मिळून सहा गेले, म्हणजे ३० टक्के. फक्त रुग्णांकडे पाहिलं तर चांगलं खाणारेच जास्त दगावताना दिसतात! प्रत्यक्षात हजारामागे सातऐवजी सहाच मृत्यू झाले. चांगल्या आहाराने सोप्या केसेस आधीच गाळल्या, म्हणून उरलेल्या अवघड दिसतात.

एखाद्या अभ्यासात 'निदानाआधीच्या आहाराचा जगण्याशी संबंध आढळला नाही' असं आलं, तर त्यामागे हेही असू शकतं. आयुष्यभर जपून खाल्लेल्या माणसाला आक्रमक गाठ झाली, की लोक म्हणतात, बघा, काय उपयोग झाला? त्या टोमण्यातला तर्कदोष याच जातीचा आहे. टळलेले कॅन्सर कुणाला दिसत नाहीत.

चाचणीने काय दाखवलं

या सगळ्या गुंत्यातून बाहेर पडायचा एकच खात्रीचा मार्ग: धडधाकट माणसांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करायचे, एका गटाचं खाणं बदलायचं आणि मृत्यू मोजताना फक्त रुग्ण न धरता सगळी माणसं धरायची. हे इतकं महाग आणि लांबचं काम आहे की ते फारच थोड्या वेळा झालं. सगळ्यांत मोठं काम त्याच 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ने केलं.

१९९३ ते १९९८ या काळात ५० ते ७९ वयाच्या ४८,८३५ स्त्रियांची भरती झाली. त्यांपैकी १९,५४१ जणींना आहारातला चरबीचा वाटा २० टक्के उष्मांकांपर्यंत खाली आणायला आणि फळं, भाज्या, धान्य वाढवायला शिकवलं; उरलेल्या २९,२९४ जणींच्या हाती फक्त माहितीपत्रक ठेवलं. पहिल्या गटासाठी आहारतज्ज्ञांच्या बैठका होत्या आणि आहारबदल साधारण साडेआठ वर्षं चालला. २० टक्क्यांचं लक्ष्य सरासरीने कधीच गाठलं गेलं नाही. सवय किती चिवट असते हे त्यावरून समजावं. एवढं पाठबळ असताना ही गत, मग वर्तमानपत्रातली चौकट वाचून कोण बदलणार?

२००६ मध्ये पहिला निकाल आला, तेव्हा बऱ्याच जणांचा हिरमोड झाला. आहार बदललेल्या गटात स्तनाचा कॅन्सर ९ टक्के कमी होता खरा, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका पुसट होता. 'कमी चरबीचा उपयोग नाही' असे मथळे झळकले. अभ्यास मात्र थांबला नाही. जवळजवळ वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२० मध्ये जो हिशेब आला, तो असा: स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू आहार बदललेल्या गटात १३२, दुसऱ्या गटात २५१. गटांचे आकार वेगळे आहेत, म्हणून दर हजारी मांडू. पहिल्या गटात हजारामागे सुमारे ६.८, दुसऱ्यात ८.६. धोक्याच्या भाषेत २१ टक्के घट. हजार स्त्रियांमागे दोन दशकांत दोनाहून किंचित कमी मृत्यू टळले.

कॅन्सर होण्यात फरक पुसट, पण कॅन्सरने मरण्यात स्पष्ट: म्हणजे निदानाआधी बदललेल्या खाण्याचा परिणाम रोगाच्या पुढच्या वाटचालीवर झाला, असं वाचायला इथे बऱ्यापैकी आधार आहे. ज्या स्त्रियांच्या कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची आधीच गडबड होती, त्यांना फायदा जास्त झाल्याचंही नंतरच्या विश्लेषणात दिसलं. पण हात आखडता घेऊनच बोलावं लागेल. ही चाचणी मुळात कॅन्सर कमी होतो का हे पाहण्यासाठी आखली होती. मृत्यूंचा हिशेब नंतरचा. आणि चरबी कमी झाली तशी फळं-भाज्याही वाढल्या, थोडं वजनही उतरलं. श्रेय कशाचं, हे वेगळं काढता येत नाही. यात नुसत्या चरबीला गुन्हेगार ठरवणं चुकीचं होईल.

शरीरात काय होत असावं?

लोक गाठीला उपाशी मारण्याच्या गोष्टी करतात, पण मला सर्वांत पटणारं उत्तर शरीराच्या शिलकीचं आहे. कॅन्सरचे उपचार शरीरावर मोठा भार टाकतात, आणि तो पेलण्याची ताकद एका रात्रीत येत नाही. यात स्नायूंची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

केमोच्या अनेक औषधांचा डोस उंची आणि वजन यांवरून काढलेल्या शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो. समजा, दोन रुग्णांची उंची सारखी, वजनही दोघांचं ७० किलो. डोस सारखाच येणार. पण एकाच्या ७० किलोंत स्नायू भरपूर आहेत, दुसऱ्याच्या अंगावर स्नायू झिजलेले आणि चरबी जास्त. वजनकाट्याला यातलं काही दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक काप घेऊन स्नायू मोजता येतात, आणि असं मोजल्यावर दिसतं की स्नायू कमी असलेल्यांना तोच डोस जास्त बाधतो. मळमळ, जुलाब, पांढऱ्या पेशी घसरणं. मग डोस कमी करावा लागतो, पुढची तारीख ढकलावी लागते, कधी उपचार अर्धवट राहतात. आधीच्या वर्षांतलं पुरेसं प्रथिन आणि हालचाल इथे कामी येते.

दुसरी वाट इन्सुलिनची. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं आणि ते रक्तात चढं राहतं. इन्सुलिन आणि त्याच्यासारखे वाढीचे घटक पेशींना 'वाढा' असा निरोप देतात. कॅन्सरच्या पेशीही तो ऐकतात. पाळी गेल्यावर स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन मुख्यतः चरबीतच तयार होतं, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात. शिवाय जास्तीची चरबी सतत बारीक दाह चालू ठेवते.

तिसरी वाट आतड्यातल्या जिवाणूंची, आणि सध्या सर्वांत जास्त कुतूहल तिच्याबद्दल आहे. अमेरिकेतल्या टेक्सास इथल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या, इम्युनोथेरपी (शरीराची रोगप्रतिकारशक्तीच कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारे उपचार) घेणाऱ्या १२८ रुग्णांचं उपचारांपूर्वीचं खाणं तपासलं. २०२१ च्या त्या अभ्यासात रोज किमान २० ग्रॅम तंतुमय पदार्थ खाणाऱ्यांमध्ये रोग जास्त काळ आटोक्यात राहिला. गंमत म्हणजे सर्वांत चांगला परिणाम त्यांच्यात दिसला, जे दुकानातल्या प्रोबायोटिक, म्हणजे 'चांगल्या' जिवाणूंच्या गोळ्या घेत नव्हते. अभ्यास लहान आहे, त्याचा फार गवगवा करू नये. पण आतड्यातले जिवाणू तंतूंवर जगतात आणि रोगप्रतिकारशक्तीशी त्यांची सतत देवाणघेवाण चालू असते, हे इतर संशोधनातूनही पुढे आलेलं आहे.

प्रत्येक कॅन्सरमध्ये या वाटांचं वजन वेगळं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अन्न प्रत्यक्ष गाठीच्या जागेवरून जातं, तेव्हा तिथे खाण्याचा संबंध जास्त दिसावा हे ओघानेच आलं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०१३ मधल्या अभ्यासात, निदानाआधी लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस जास्त खाणाऱ्या रुग्णांचा मृत्यूचा धोका कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त आढळला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसारख्या ठिकाणी, जिथे रोग कळेपर्यंत तो बराच पुढे गेलेला असतो, तिथे मागच्या आहाराला फारसा वाव उरत नाही. आणि तंबाखूच्या तुलनेत आहाराचा मुद्दा एकूणच लहान आहे. सॅलड खाणाऱ्या धूम्रपान करणाऱ्याने स्वतःची समजूत काढू नये.

'माझ्या खाण्यामुळेच झालं का?'

वरचे सगळे आकडे हजारो माणसांच्या सरासरीचे आहेत आणि पुढे पाहणारे आहेत: अशा गटात पुढे काय घडण्याची शक्यता किती. ते उलटे फिरवून एका माणसाच्या मागच्या आयुष्यावर लावता येत नाहीत. चाचणीत आहार बदललेल्या स्त्रियाही कॅन्सरने गेल्या आणि न बदललेल्यांपैकी बहुसंख्य गेल्या नाहीत. कोणत्या एका बाईचा जीव आहाराने वाचला, हे चाचणी घेणाऱ्यांनाही बोट ठेवून दाखवता येणार नाही. मग भेटायला आलेल्या पाहुण्याने खुर्चीत बसून 'तुमचं खाणंच तसं होतं' म्हणणं, याला काय म्हणावं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. रुग्णाच्या मनात अपराधीपणाची जागा तशीही तयार असते. तिच्यात भर घालून कुणाचीच गाठ लहान होत नाही.

निदान झाल्यावर खाण्याचे नियम बदलतात, आणि घरचे नेमके इथे गोंधळतात. भाज्यांचा मारा केल्याने रोग परत येणं टळतं का, हे अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या ३,०८८ स्त्रियांवर पाहिलं गेलं. भाज्या, फळं, तंतू भरपूर आणि चरबी कमी असा कडक आहार एका गटाला दिला. सात वर्षांहून जास्त पाठपुराव्यानंतर, २००७ मध्ये दिसलं की रोग परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं: १६.७ आणि १६.९ टक्के. चरबी कमी करणाऱ्या दुसऱ्या एका चाचणीत थोडा फायदा दिसला होता, तिथे स्त्रियांचं वजनही उतरलं होतं. एकूण चित्र संमिश्र आहे. उपचार संपून माणूस सावरला की नेहमीचाच चांगला आहार, वजन ताब्यात, चालणं-फिरणं आणि दारू टाळणं, एवढाच सल्ला तज्ज्ञ मंडळी देतात.

उपचार चालू असताना मात्र पहिलं काम वजन आणि स्नायू टिकवणं. 'साखर गाठीला पोसते' म्हणून घरचे रुग्णाचं गोड, भात, फळं बंद करतात. गाठ उपाशी राहत नाही, कारण शरीर स्नायू मोडून साखर तयार करतं, उपाशी राहतो तो रुग्ण. युरोपातल्या वैद्यकीय पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज किमान १ ग्रॅम, जमल्यास दीड ग्रॅम प्रथिन मिळावं, आणि २५ ते ३० किलोकॅलरी. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ९० ग्रॅम प्रथिन. तोंड आलेलं, चव गेलेली, वासाने मळमळ. अशा माणसाला हे एका बैठकीत जमत नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, मऊ, आणि खावंसं वाटेल ते द्यावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आकडे बदलतात, तेव्हा ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत.

पहिल्या भेटीतच ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञांना, दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात. सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं आणि आता किती आहे. प्रयत्न न करता पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर ती उपचार सुरू होण्याआधीच लक्ष घालण्याची गोष्ट आहे. आणि कोणत्या गोळ्या, पावडरी, काढे चालू आहेत. 'नैसर्गिकच आहे' म्हणून यातलं काही लपवू नये, कारण काही पदार्थ केमोच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वर-खाली करतात. आहारतज्ज्ञांची चिठ्ठीही तेव्हाच मागून घ्यावी, वजन आणखी उतरायची वाट न पाहता.